प्रकरण एकोणिसावे : टाळी न वाजवणारी मुलगी

हावगेप्पांना कुठलीच गोष्ट लहान करता येत नसे. मुलाचा, वीरेशचा, साखरपुडा ठरला तेव्हा त्यांनी अर्धा तालुका जेवायला बोलावला होता. आणि आता तर धाकट्या भावाची लेक मल्ली परदेशी खेळायला निघालेली, मग काय विचारता! दारापुढं मंडप पडला, होळग्यांसाठी पुरण शिजलं, आणि लग्नात लावतात तसला मोठा पडदा बीदरहून टेम्पोतून आला. पडद्यावर मल्लीची हैदराबादची मॅच दाखवायची, म्हणजे कमठाण्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कळेल की पोरगी करते तरी काय. मग सत्कार, मग जेवणं, आणि बीदरहून चारच्या बसनं मल्ली हैदराबादला, तिथून विमानानं काठमांडूला. असा सगळा बेत होता.

शांतम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मंडपाकडं बघत होती. लेक तिची, पण कौतुकाचा माईक दिराच्या हातात. या घरात ते तसंच चालायचं आणि तिची त्याला हरकतही नव्हती. तिला आज एकच गोष्ट हवी होती. मल्ली सगळ्यांच्या पाया पडून, पुढच्या दारातून, मागं वळून बघत जायला हवी. नणंद नीलम्मा गेली तशी नाही.

"ऐका मंडळी," हावगेप्पा माईकवर गरजले. "भारत आन् नेपाळ, दोन देश. दोघांची मिळून एकच लीग. आपल्याकडचे पाच संघ, तिकडचे तीन. आन् नियम असा, की हरएक संघात दोन्ही देशांच्या पोरी पाहिजेतच. आमची मल्लेश्वरी पोखरा नावाच्या गावाकडून खेळणार. पगार देतेत पगार! खेळायचा!"

"बॉल फेकायचा पगार?" कुणीतरी म्हातारा ओरडला.

"तू जन्मभर पत्ते फेकलास, तुला दिला का कुणी?" हावगेप्पा म्हणाले आणि मंडप हसला.

पडदा उजळला. सहा फुटी मल्ली त्यावर आणखी मोठी दिसत होती. धावत होती, उडत होती, अंगावर येणाऱ्या पोरींना चकवून चेंडू रिंगमध्ये टाकत होती. ज्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं तेही प्रत्येक बास्केटला "हाऽऽ" म्हणत होते. शांतम्माला तर भीतीच वाटत होती, पोरगी पडते की काय. पण छाती अशी भरून आली होती की हातातलं लाटणं ठेवायचं भान तिला राहिलं नाही.

शेवटी मल्लीच्या संघानं सामना मारला. बाकावरच्या साऱ्या पोरी उठून नाचायला लागल्या. एक सोडून. सावळी, आखूड केसांची एक मुलगी हाताची मूठ छातीशी धरून नुसतीच उभी होती.

"ती बघा ती," हावगेप्पांच्या हातात माईक होताच. "आपल्या पोरीनं मॅच जिंकली आन् हिला टाळी वाजवायला जड चाललंय! जळायलीय बिचारी. असू द्या, असतेत अशीबी माणसं."

मंडप पुन्हा हसला. आणि त्याच वेळी पडद्यावर मल्लीचा चेहरा जवळून आला. घामानं निथळलेला, हसरा. चेहरा, मान, गळा.

पुढच्या रांगेत बसलेल्या कमलबाई सहज बोलल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, असं शांतम्मा पुढं कित्येक वर्षं सांगायची. "आगं बाई, पोरीच्या गळ्यात लिंग दिसना की!"

हसणं बुडाशी आलेल्या मोटेसारखं थांबलं. हावगेप्पांनी पडद्याकडं पाहिलं. भला मोठा पडदा, त्यांनीच आणलेला, आणि त्यावर बैलगाडीएवढा मोकळा गळा. मल्लीच्या गळ्यातला शिवदोरा, त्यातली चांदीची डबी आणि डबीतलं इष्टलिंग त्यांनी स्वतः मठाच्या अय्यांना बोलावून बारशाला बांधलं होतं. जे मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, ते पडद्यावर नव्हतं.

"बंद कर," ते वीरेशला म्हणाले. माईक तसाच खुर्चीवर टाकून ते घरात गेले.

०

आतल्या खोलीत सगळे जमेपर्यंत मंडपातली कुजबूज दारापाशी येऊन पोचली होती. हावगेप्पा पलंगावर बसले. त्यांची बायको दानेश्वरी, म्हणजे शांतम्माची थोरली जाऊ, कपाळाला हात लावून उंबऱ्याशी. वीरेश खिडकीपाशी. मल्लीचे वडील सिद्धलिंग भिंतीला टेकून, नेहमीसारखे, भिंतीचाच एक भाग असल्यासारखे. मल्ली चौकटीखालून वाकून आत आली.

"गळ्यात हाय का आत्ता?"

तिनं कुडत्यातून डबी बाहेर काढून दाखवली. "हाय, दोडप्पा," ती थोरल्या चुलत्याला म्हणाली.

"मॅचमधी नव्हतं."

"नव्हतं."

"कामून?"

"मॅचच्या आधी रेफरी तपासतेत. नखं बघतेत, कान बघतेत, गळा बघतेत. धडकताना दुसरीच्या डोळ्याला लागलं तर? काढ म्हणाले, न्हाईतर बाहेर बस."

"मग बाहेर बसायचं!"

"कापडात गुंडाळून आतून बांधायचं होतं की," सिद्धलिंग हळूच म्हणाले.

"बांधलं होतं, अप्पा. आव्वानंच पट्टी शिवून दिली होती. पण त्यांच्या हाताला लागलं."

दानेश्वरीनं मान वळवली. "म्हंजे तुला ठावं होतं, शांतम्मा?"

शांतम्मा खाली बघत राहिली. ठाऊक होतं. पट्टी शिवताना देवाला हात जोडले होते, की बाबा, चालून जाऊ दे.

"इतकी पोर मोकळी सोडू नका म्हणून मी घसा कोरडा केला," दानेश्वरी म्हणाली. "पण माझं ऐकतंय कोण ह्या घरात!"

"तेवढा वेळ कुठं होतं ते?" हावगेप्पांचा आवाज आता खाली आला होता, आणि त्यांचा आवाज खाली आला की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जात. "बुटाच्या पिशवीत टाकलं होतंस?"

"न्हाई, दोडप्पा! जमिनीला टेकू दिलं न्हाई. माणसाच्या हातात होतं."

"कुणाच्या?"

मल्लीनं ओठ मिटले. खोटं तिला येत नव्हतं आणि खरं तिला सांगायचं नव्हतं. शांतम्मानं ते ओठ ओळखले. लहानपणी वीरेशनं कैऱ्या चोरल्या तेव्हा मल्लीनं असेच ओठ मिटून त्याच्या वाटचा मार खाल्ला होता. पोरगी कुणाला तरी पाठीशी घालत होती.

"वीरेश, तू सांग," हावगेप्पा म्हणाले.

वीरेशनं या पोरीला पहिली रिंग मारून दिली होती, गोठ्याच्या भिंतीला, घागरीचं कडं कापून. आज मात्र तो खिडकीबाहेर बघत होता. "भालकीचे पाहुणे मंडपात बसलेत, अप्पा. आठ दिवसांवर माझं लगीन. त्यांनी काय समजायचं? ह्या वर्षी थांबावं मल्लीनं, असं वाटतंय मला."

"वीरण्णा!" मल्ली म्हणाली. बाकी काही नाही, पण वीरेशचे कान लाल झाले.

"सिद्धलिंग?"

"अण्णा, तुमी म्हणाल ते."

"मग ऐका. आज जायचं न्हाई. अय्यांना बोलावू, नव्यानं लिंगधारण करू. खेळबीळ झाला तेवढा झाला. पाहुण्यांना सांगा, पोरीला ताप आलाय."

निकाल लागला. हावगेप्पांचा निकाल एकदा लागला की वर अपील नसे. शांतम्माला समोर नीलम्मा दिसली, या दोघा भावांची धाकटी बहीण. नर्सिंग शिकायला हैदराबादला जायचं म्हणत होती आणि अशाच एका दुपारी, याच पलंगावरून, नाही म्हणून सांगितलं गेलं होतं. पहाटे मागचं दार उघडं सापडलं. तेव्हापासून या घरात तिचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

थोरल्या दिरासमोर शांतम्मा कधी तोंड वर करून बोलली नव्हती. सांगायचं असलं की दानेश्वरीला सांगायचं, तिनं पुढं सांगायचं, अशी रीत. ती आज डोक्यावरचा पदर नीट करून खोलीच्या मध्यावर आली.

"भावजी."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. सिद्धलिंगांनी भिंत सोडली.

"मल्ली चारच्या बसनं जाणार."

"मी न्हाई म्हणलोय, शांतम्मा."

"तुमी म्हणलात, मी ऐकले. तरी ती जाणार. पण तुमच्या पाया पडून जाणार, पुढच्या दारानं. नीलम्मावानी मागच्या दारानं मी माझी लेक जाऊ देणार न्हाई. तुमी तिचं नाव घेत न्हाई, पण दिवाळी आली की फाटकाकडं कोण बघत बसतंय, ते मला चुलीपासून दिसतंय." तिचा आवाज कापत होता आणि तिनं तो कापू दिला. "मला न्हाई तसं बघत बसायचं म्हातारपणी."

हावगेप्पांच्या तोंडावर कुणी पाणी मारावं तसं झालं. ते काही बोलणार एवढ्यात दारातून आवाज आला.

"येऊ का आत? बाहेर समदे मला जळकी म्हणायलेत. मी काय केलं?"

पाठीवर खेळाची पिशवी, हातात कापडात बांधलेला डबा. पडद्यावरचीच ती सावळी, आखूड केसांची मुलगी. राजश्री. बीदरच्या संघपाल मास्तरांची लेक, मल्लीसोबतच पोखऱ्याच्या संघात निवडलेली, आणि तिला घेऊन निघायला आलेली.

"मी राजश्री, संघपाल मास्तरांची. आईनं धपाटे दिलेत, दोघींना," ती डबा पुढं करत म्हणाली आणि मग खोलीतले चेहरे बघून थांबली.

"तूच न्हवं का ती?" हावगेप्पा म्हणाले. "टाळ्या न वाजवणारी?"

"टाळ्या कशानं वाजवू, काका? हातात हिचं लिंग होतं की!"

"राजी, गप," मल्ली म्हणाली. पण आता उशीर झाला होता.

हावगेप्पा राजश्रीकडं बघत होते, आणि ते काय बघत होते हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. संघपाल मास्तर कोणत्या वस्तीतले, कोणत्या विहारात जातात, हे कमठाण्यापासून बीदरपर्यंत कुणाला माहीत नव्हतं? मल्लीनं ओठ का मिटले होते तेही शांतम्माला कळलं. राजश्रीलाही कळलं. तिनं डबा खाली ठेवला आणि सरळ उभी राहिली.

"व्हय, माझ्या हातात होतं. त्याचं काही असंल तर मला बोला. हिला कामून आडवायलात?"

असं बोलणं त्या पलंगासमोर एका दिवसात दोनदा! सिद्धलिंगांनी डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात उंबऱ्यावरून दानेश्वरी उठली. वाऱ्यानं दिशा बदलावी तशी ही बाई बदलायची, पण बदलली की तुफान.

"आता का गप झालाव?" ती नवऱ्याला म्हणाली. "दर बसव जयंतीला चौकात माईक धरताव, समदी माणसं एक म्हणताव. मी पुढच्या रांगेत बसून ऐकतीय की! आज माईक बाहेर ऱ्हायला म्हणून जीभबी बाहेर ऱ्हायली का?"

"तू गप बस गं."

"लई वर्षं बसले."

हावगेप्पांनी बायकोवरची नजर काढली. बाहेर मंडपात भांड्यांचा आवाज होत होता. मग त्यांनी राजश्रीला विचारलं, "कुठल्या हातात धरलं होतंस?"

"डाव्या. मल्लीनं सांगितलं होतं, डावा तळहात, खाली न्यायचं न्हाई, कुठं ठेवायचं न्हाई. मग मी छातीशीच धरून बसले. पाणी पिले ते उजव्या हातानं. कोच दोनदा वरडले, टाळ्या वाजव म्हणून. शेवटी तर मुंग्या आल्या हाताला." तिनं आवाज खाली घेतला. "आन् खरं सांगू का, बाथरूमलाबी गेले न्हाई."

वीरेशला हसू फुटलं. ते दाबायला त्यानं तोंडावर हात धरला, पण त्या हसण्यातच तो पक्ष बदलून गेला होता.

हावगेप्पा रोज पहाटे आंघोळ करून, विभूती लावून डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसत. तेवढ्यातही त्यांचं लक्ष बैलांकडं जाई, दुधाकडं जाई, हात मांडीवर टेके. हे त्यांचं त्यांना माहीत होतं आणि खिडकीतून बघणाऱ्या शांतम्मालाही माहीत होतं. दोघांची नजर एकदाच भेटली आणि हावगेप्पांनी ती आधी खाली घेतली.

ते उठले, बाहेर गेले. शांतम्मा मागोमाग दारापर्यंत गेली. आता हा माणूस मंडपात काय बोलतो कोण जाणे. हावगेप्पांनी खुर्चीवरचा माईक उचलला.

"वीरेश, शेवटचं परत लाव."

पडद्यावर पुन्हा मल्ली जिंकली, पुन्हा पोरी नाचल्या. पुन्हा ती एकटी उभी.

"मघाशी मी हिला जळकी म्हणलो," हावगेप्पा म्हणाले. "चुकलो. नियमानं मल्लीला लिंग गळ्यात ठेवू देईनात. तेवढा वेळ ह्या पोरीनं ते असं धरलं. संघपाल मास्तरांची लेक हाय ही. तिच्या मुठीत आमच्या घरचं लिंग हाय, नीट बघून घ्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भालकीच्या पाहुण्यांतला एक वयस्कर माणूस उठला, चपला घातल्या आणि न जेवता चालू लागला. हावगेप्पांनी त्याला जाताना पाहिलं. थांबा म्हणाले नाहीत.

"सत्काराला शाल एकच आणलीय," ते वीरेशला म्हणाले. "माझं उपरणं घे. दोन पोरी हायत्या."

०

जीप निघताना सगळं घर फाटकाशी होतं. मल्ली पाया पडली, दोडप्पांच्या, दानेश्वरीअक्काच्या, अप्पांच्या, सगळ्यात शेवटी आईच्या. सिद्धलिंग रडत होते. त्या माणसाला बोलता येत नसे, पण रडता छान येई. शांतम्मानं पोरीच्या गळ्यातला शिवदोरा उगाच पुन्हा नीट केला आणि जीपमध्ये राजश्रीच्या मांडीवर होळग्यांचा डबा ठेवला.

हावगेप्पा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिच्याकडं न बघता म्हणाले, "हैदराबादला पोरी रातच्याला उतरतील."

"व्हय, भावजी."

"नीलम्माचा फोन असंल तुझ्याकडं."

होता. दाण्याच्या कणगीमागं लपवावा तसा तिनं तो नंबर वेगळ्याच नावानं जपून ठेवला होता.

"हाय," ती म्हणाली.

"स्टँडवर ये म्हणावं तिला. पोरींना जेवू घाल म्हणावं." आणि मग, फाटकावर हात ठेवून, "आन् लग्नाला ये म्हणावं."

जीप वळणावर गेली. मल्लीनं मागं वळून पाहिलं, हात हलवला, आणि दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिली.

०

लग्न झालं, भालकीकडचे चार लोक कमी आले आणि नीलम्मा आली, त्यामुळं पंगत तेवढीच भरली. पुढच्या पंधरवड्यात काठमांडूत लीग सुरू झाली. पहिल्या सामन्याला सगळं घर टीव्हीपुढं बसलं. वीरेशनं कसल्या कसल्या तारा जोडून फोनवरचं चित्र टीव्हीवर आणलं होतं.

मल्ली मैदानात उतरली. सगळे तिच्याकडं बघत होते, हावगेप्पा सोडून. ते बाक शोधत होते. "त्या पोरीला दाखवा की रे," ते टीव्हीला सांगत होते. शेवटी बाक दिसला. राजश्री तिथं होती, डावी मूठ छातीशी. हावगेप्पा मागं टेकले.

खेळ अटीतटीचा चालला होता. पोखऱ्याची एक पोर पाय मुरगळून बाहेर आली. कोचनं बाकाकडं हात केला. राजश्री उठली.

"आता?" दानेश्वरी म्हणाली.

शांतम्माच्या हातून सुपारीचा डबा सुटला. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मल्ली मैदानात, राजीही मैदानात. आता तिसरं कोण होतं आपलं तिथं? हजार मैलांवर, परक्या देशात?

पडद्यावर राजश्रीनं शेजारच्या मुलीकडं पाहिलं. बुटकी, गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची मुलगी होती ती. तिनं चटकन उजवा हात पुढं केला. राजश्रीनं तो बाजूला सारला. तिचा डावा हात ओढून तळवा उघडला, त्यावर आपली मूठ रिकामी केली आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. त्या मुलीनं मान डोलावली आणि मूठ छातीशी नेली.

सगळे हावगेप्पांकडं बघत होते.

"कोण हाय ती?"

"नेपाळची हाय, अप्पा," वीरेश म्हणाला. "पाठीवर तामांग लिहिलंय."

"मला नीट दिसलं न्हाई. कुठल्या हातात घेतलं तिनं?"

"डाव्या."

"बघितलंस नीट?"

"नीट बघितलं, भावजी," शांतम्मा म्हणाली. "डाव्याच."

हावगेप्पांनी सुस्कारा सोडला. "मग खेळू द्या."

राजश्रीनं चेंडू मल्लीकडं फेकला. मल्ली उडाली आणि चेंडू रिंगमधून खाली आला. सारं घर टाळ्या वाजवू लागलं, सिद्धलिंगसुद्धा, खिडकीत जमलेली गल्लीतली बायामाणसंसुद्धा. शांतम्मानं टाळ्या वाजवता वाजवता वळून पाहिलं. हावगेप्पा उजव्या हातानं गुडघ्यावर थापा मारत होते. डाव्या हाताची मूठ मिटून त्यांनी छातीशी धरली होती.